बुवा, लोणावळा आणि आमची बारावी

लोणावळा म्हटलं की लोकांना चिक्की आठवते, भुशी डॅम आठवतो, आणि शनिवार-रविवारची ती न संपणारी गाड्यांची रांग. आम्ही मावळातली माणसं शनिवारी सकाळी अकरानंतर त्या दिशेला तोंडसुद्धा करत नाही. (पाहुणे आले तरच. आणि पाहुणे नेमके शनिवारीच येतात.)

पण गाणं शिकणाऱ्या मंडळींमध्ये लोणावळ्याचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणाने. पंडित जितेंद्र अभिषेकी काही वर्षं लोणावळ्यात राहत होते आणि त्यांचे शिष्य त्यांच्या घरी राहून शिकत होते. गुरुकुल म्हणतात ना, तसं. बुवा गेले ७ नोव्हेंबर १९९८ला, पुण्यात. म्हणजे आमच्या लेकीच्या जन्माच्या कितीतरी आधी. तिने त्यांना पाहिलेलं नाही, मीही नाही. माझ्यासाठी ते कॅसेटवरचे आणि रेडिओवरचे बुवा. तरी गेले दोन महिने आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज त्यांचा विषय निघतोय, आणि याला कारण आहे आमची बारावी.

झालंय असं की लेक आठव्या वर्षापासून तळेगावात एका बाईंकडे गाणं शिकतेय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकेक करत मध्यमा पूर्णपर्यंत आली. आता विशारद. यंदा बारावी झाली, सीईटी झाली, मार्क बरे पडले. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पुढचा रस्ता सरळ होता: इंजिनिअरिंग, आणि सोबत 'गाणं चालू ठेवायचं'. हे 'चालू ठेवायचं' फार सोयीचं क्रियापद आहे. नळ चालू ठेवतात तसं.

निकालानंतर पेढे घेऊन बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडचं हिला देऊन झालंय. आता आठवड्यातून दोन तासांच्या क्लासने काही होणार नाही. हिला कुणाकडे तरी राहून शिकू द्या."

राहून! मी पेढ्यांचा बॉक्स हातात धरून नुसती बघत राहिले.

स्वतःची दहा वर्षांची विद्यार्थिनी, ती पण चांगली, आपणहून दुसऱ्याकडे पाठवायची याला मोठं मन लागतं. कित्येक गुरूंना ते जमलेलं नाही. 'कट्यार काळजात घुसली' हे अख्खं नाटकच त्यावर उभं आहे. सदाशिवला गाणं शिकायचंय आणि खाँसाहेब शिकवत नाहीत, घराण्याची विद्या घराण्यातच राहिली पाहिजे. १९६७ साली हे नाटक आलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, आणि संगीत अभिषेकीबुवांचं. मला यात फार गंमत वाटते. विद्या कोंडून ठेवणाऱ्या गुरूच्या नाटकाला चाली दिल्या त्या माणसाने, ज्याने स्वतः दारोदार फिरून विद्या गोळा केली आणि नंतर घरच शिष्यांसाठी उघडं ठेवलं.

दारोदार म्हणजे अक्षरशः. बुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. देवळात अभिषेक करणारं घराणं म्हणून आडनाव अभिषेकी. वडील कीर्तनकार, गाण्याचा पहिला संस्कार घरातच. मग गिरिजाबाई केळेकर, पुढे मुंबईत अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित. त्यातले जगन्नाथबुवा आग्रा घराण्याचे. त्याशिवाय जयपूर घराण्याच्या अनवट रागांचा साठा ज्यांच्याकडे होता त्या गुलुभाई जसदनवालांकडूनही त्यांनी घेतलं. मधल्या काळात मुंबई आकाशवाणीवर नोकरी. आज हे वाचताना 'अरे वा, किती अनुभवी' असं वाटतं, पण त्या काळात इतक्या जणांकडून घेणं ही सरळ गोष्ट नव्हती. एका गुरूचा गंडा बांधला की दुसऱ्याच्या दाराकडे बघायचं नाही, अशी रीत होती.

आमच्या बाईंचं एक आवडतं मत आहे, आणि दहा वर्षं ऐकून ऐकून ते आता माझंही झालंय. त्या म्हणतात, गुरू कसा होता हे त्याच्या शिष्यांच्या गाण्यातल्या सारखेपणावरून नाही, वेगळेपणावरून ओळखायचं. आणि उदाहरण कायम बुवांचं. प्रभाकर कारेकर (ते २०२५च्या फेब्रुवारीत गेले), अजित कडकडे, आशा खाडिलकर, राजा काळे, हेमंत पेंडसे, विजय कोपरकर, देवकी पंडित, बुवांचे चिरंजीव शौनक अभिषेकी, आणि सगळ्यात धाकट्या पिढीतले महेश काळे. शुभा मुद्गलांनीसुद्धा त्यांच्याकडून घेतलंय. आता ही नावं एकापाठोपाठ एक लावून ऐकून बघा. कारेकरांचं नाट्यगीत आणि कडकडेंचं भक्तिगीत यांत गोंधळ होणं शक्य नाही. देवकीताईंचा आवाज अंधारातही ओळखू येईल. कुणीही कुणाची कॉपी नाही, आणि बुवांची तर नाहीच नाही. यातले बरेचजण आणखीही कुणाकुणाकडे शिकलेले आहेत. कोपरकर वसंतरावांकडे, देवकीताई किशोरीताईंकडे. म्हणजे बुवांनी स्वतः जे केलं ते शिष्यांनाही करता आलं.

हे जमलं कसं असेल, यावर माझा आपला एक अंदाज आहे. मी काही जाणकार नाही, बँकेत काम करते आणि येताजाता लोकलमध्ये ऐकते इतकंच. पण मला वाटतं याचं उत्तर त्यांच्या नाटकांत आहे. 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी', 'लेकुरे उदंड जाली', 'हे बंध रेशमाचे', 'मीरा मधुरा'... १९६४ ते १९७० एवढ्या सहा-सात वर्षांत ही सगळी आली. संगीत नाटकाची गाडी तेव्हा बऱ्यापैकी थंडावली होती. जुन्या नाटकात एकेक पद वन्समोअर घेत घेत अर्धा-अर्धा तास चालायचं, नाटक तिथेच बाजूला उभं. बुवांनी पद आटोपशीर केलं आणि प्रसंगाला धरून ठेवलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. प्रत्येक गळ्यासाठी चाल वेगळी. रामदास कामतांच्या गळ्याला जे देतील ते आशालताबाईंना नाही. आशालताबाई मुळात अभिनेत्री, त्यांना त्यांच्या गळ्याला पेलेल, शोभेल असंच दिलं, आणि 'मत्स्यगंधा'तली त्यांची गाणी आजही लोकांना तोंडपाठ आहेत. 'कट्यार'मध्ये तर भार्गवराम आचरेकरांचे पंडितजी, वसंतरावांचे खाँसाहेब आणि प्रसाद सावकारांचा सदाशिव, तिघांची गायकी प्रेक्षकाला वेगवेगळी ऐकू यायला हवी, नाहीतर नाटकच कळणार नाही. चांगला शिंपी गिऱ्हाईक दारात शिरतानाच माप घेतो म्हणतात. असा कान असलेला माणूस शिकवायला बसला की समोरच्या पोराला आपला सदरा कसा घालेल?

पण माप घ्यायचं तर गिऱ्हाईक समोर हवं, आणि रोज हवं. इथे येतो तो 'राहून शिकण्याचा' मुद्दा.

बाईंनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं की क्लासमध्ये जे मिळत नाही आणि घरात राहून मिळतं ते नेमकं काय. पहाटे खर्ज लावायचा, तेव्हा गुरू पलीकडच्या खोलीत असला तरी ऐकत असतो आणि तिथूनच 'हं' म्हणतो. तो 'हं' क्लासमध्ये नाही. दुसऱ्याला शिकवत असताना आपण ऐकतो, तेव्हा आपल्याला जास्त कळतं, कारण घाबरलेले आपण नसतो. मैफलीत मागे तानपुरा घेऊन बसायचं, गुरूने जागा सोडली की दोन सूर भरायचे, आणि कुठे गप्प बसायचं ते शिकायचं. एकच राग तीन-तीन महिने. आणि शिवाय गुरू चहा पिताना, भाजी निवडताना, कुणावर तरी चिडलेला असताना काय गुणगुणतो, ते. अभ्यासक्रमात हे कुठे बसवणार?

लोणावळ्यात हे सगळं पावसात व्हायचं हे डोक्यात आलं की मला नेहमी वाद्यांची काळजी वाटते. :-) इथला पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना कळेल. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, पापड मऊ, आडी बाहेर काढावी तर चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी. अशा हवेत तबल्याचं चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. तबलजी हातोडी घेऊन बसलेला. तानपुऱ्याचे तर विचारूच नका. चार तारा फक्त. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. पण जवारीचा दोरा केसभर सरकला की सगळा झंकार बसतो. आमच्या घरी जुलैत लेक रोज पंधरा-वीस मिनिटं नुसती तानपुरा लावत बसते. पूर्वी मला वाटायचं, वेळ वाया जातोय. बाई म्हणाल्या, "लावू दे. कान तिथेच तयार होतो." पावसाळ्यात मावळात शिकलेल्या पोरांचे कान म्हणूनच जास्त तयार, असा एक सिद्धांत मी मांडू शकते, पण पुरावा नाही.

जागा मात्र निवडावी अशीच. मुंबईहून १२८ किलोमीटर, पुण्याहून ६४, दोन्हीकडे रेल्वे. सकाळी रियाज करून संध्याकाळी कुठल्याही शहरात मैफल करून यावं आणि परत शांततेत. (शांततेत! आता हसू येतं. एक्स्प्रेस-वे २००२ला पूर्ण झाला त्याच्या आधीचं लोणावळा वेगळं होतं, एवढं सांगते.)

आता आमच्या नातेवाईकांकडे वळते, कारण ते हे वाचणार आहेत आणि फोन करणार आहेत.

आत्यांचं म्हणणं, "मुलगी आहे, परक्याच्या घरी राहायला पाठवणार?" आत्या, मी हा प्रश्न जुनाट म्हणून उडवून लावणार नाही. मलाही पहिला तोच सुचला. गुरुकुल या शब्दाभोवती आपण फार उदबत्त्या लावतो. त्या व्यवस्थेत गुरूच्या मर्जीवर सगळं अवलंबून असतं आणि सगळ्याच मर्ज्या चांगल्या नसतात. शिवाय दुसरी एक गोष्ट कुणी बोलत नाही. दहा शिष्य घरात राहतात तेव्हा नाव गुरूचं होतं, पण पोळ्या कुणीतरी लाटत असतं, पोरांना ताप आला की कुणीतरी कपाळावर पट्ट्या ठेवत असतं. कुठल्याही गुरूच्या घराचा विचार करताना मला आधी ते स्वयंपाकघर दिसतं. आज तसं घर, तशी ऐपत आणि तशी गृहिणी, हे कुणाकडून मागावं तरी कोणत्या तोंडाने? फ्लॅटमध्ये चार शिष्य ठेवले तर सोसायटी नोटीस पाठवेल.

नाशिकचा भाऊ म्हणतो, "कोपरकर इंजिनिअर आहेत, महेश काळेसुद्धा इंजिनिअर. मग अडचण काय?" बरोबर आहे रे, दोघेही आहेत. मी हे उदाहरण लेकीला पहिल्याच दिवशी दिलं. ती म्हणाली, "आई, महेश काळेंचं इंजिनिअरिंग सांगतेस, बुवांच्या घरची वर्षं का नाही सांगत?" २०१५चा 'कट्यार' सिनेमा आम्ही तळेगावात तीन वेळा पाहिलाय, त्यातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ही चिमुरडी होती आणि घरभर नाचली होती. तिला सगळं पाठ आहे. वाद घालण्यात अर्थ नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या मूळच्या पवन मावळातल्या एका खेड्यातल्या, त्यांच्या माहेरी दरवर्षी सप्ताह असतो. मागच्या सप्ताहाला आम्ही सगळे गेलो होतो. रात्रीच्या भजनाला विशीतली पोरं उभी राहिली, दिवसा कुणी चाकणला कंपनीत कामाला, कुणी रिक्षावाला, पखवाजावर एक नववीतला मुलगा. त्यांनी एक अभंग धरला आणि लेकीने माझा हात दाबला. चाल अभिषेकीबुवांची. तिने नंतर त्या मुख्य गाणाऱ्या मुलाला विचारलं, ही चाल कुठून घेतली? तो म्हणाला, "आमच्या आधीची म्हणायची, त्यांच्याकडून. आमच्या गावचीच हाये ती."

आमच्या गावची! लेकीला सांगावंसं वाटत होतं, मी डोळ्यांनीच गप्प केलं. बुवांचे वडील कीर्तनकार. मंगेशीच्या देवळातून निघालेली ती वाट अशी फिरून पवनेच्या काठी येऊन बसली आणि त्यावरचं नाव पुसलं गेलं, हे मला तरी फार मोठं वाटलं. १९८८ची पद्मश्री आणि त्यानंतरचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार कागदावर आहेतच. पण त्या पोराला बुवा माहीत नसताना बुवा येत होते. तो कुणाच्या घरी राहिला नव्हता, त्याने विशारद केलं नव्हतं. त्याला आधीच्यांनी दिलं होतं आणि तो त्या नववीतल्या पखवाजवाल्याला देणार होता. सम चुकली की पायाने ठेका धरून दाखवत होता त्याला, गाणं न थांबवता.

घरी परतताना गाडीत सासूबाईच म्हणाल्या, "त्या पोराला कुणी शिकवलं असतं तर?" एवढंच. पुढे काही नाही.

म्हणजे बघा, राहून शिकणं हे एक टोक आणि सप्ताहातला तो मुलगा दुसरं. बाई या दोन टोकांच्या मधल्या. त्या स्वतः फार मोठ्या गायिका झाल्या नाहीत, तळेगावच्या बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्यावर पाऊस पडत असताना, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांत त्यांनी पंचवीस-तीस वर्षं पोरं तयार केली. बहुतेकांनी दहावीत सोडलं. त्यांना वाईट वाटत नाही का, असं मी विचारलं होतं. "सोडतात कुठे? ऐकतात की," म्हणाल्या. खरंच आहे. पुण्याला सवाई गंधर्वच्या मंडपात त्यांचे जुने विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, सतरंजीवर, डबा उघडून. रागाचं नाव आधी कोण ओळखतं यावर अजून पैजा लावतात.

असो. तर काय ठरलं ते सांगते, नाहीतर आत्या रागावतील.

बाईंनीच दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. पुण्यात एक गुरुजी आहेत (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही). त्यांनी लेकीला ऐकलं. आधी चाळीस मिनिटं तानपुराच लावायला लावला. मग म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी यायचं, सोमवारी सकाळी जायचं, घरात माझी सून आणि नात आहेत, त्यांच्या खोलीत झोपायचं, आणि स्वयंपाकात मदत करावी लागेल. लेक ताबडतोब हो म्हणाली. घरी कुकर लावता येत नाही, हे तिने तिथे सांगितलं नाही. मी त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला चालणार आहे ना? खरं सांगा." ती हसली आणि म्हणाली, "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग आम्ही दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात बोलत बसलो. त्यानंतर मला जरा बरं वाटलं.

इंजिनिअरिंगचा प्रवेश पुण्यातच घेतलाय. वर्षभर दोन्ही करून बघायचं, आणि पुढच्या जूनमध्ये यातलं काय सोडायचं ते तिने ठरवायचं. काहीच सोडायचं नाही असंही ठरवू शकते. भाऊ, तू खूश. आत्या, तुम्ही निम्म्या खूश.

आता एकच प्रश्न उरलाय. गुरुजींकडे तानपुरे आहेत, पण लेकीला स्वतःचा न्यायचाय. तळेगावहून शुक्रवारी संध्याकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, पावसात, तो भोपळा न फुटता कसा न्यायचा? फायबरची पेटी घ्यावी की जाड कापडी खोळ पुरते? कुणी नेत असेल तर जरूर कळवा.